किशोरवयीन मुलं आणि कॉस्मेटिक सर्जरी: नाशिकच्या घराघरांतून येणारे प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोखच बदलतो. एरवी अभ्यास, मोबाइल, मैत्रीतली भांडणं. एप्रिल-मेमध्ये मात्र नाक, ओठ, छाती, रंग, जबडा. "कॉलेज सुरू व्हायच्या आत उरकून घेऊ" हे वाक्य तर ठरलेलंच. मी नाशिकमध्ये शाळा आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. पण मुलांबरोबर प्लास्टिक सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं-येणं सतत चालू असतं, आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. एक गोष्ट मला फार खटकते, ती आधीच सांगते: जिथे घाई करायला हवी तिथे आपण वर्षानुवर्षं थांबतो, आणि जिथे निवांत थांबता येतं तिथे सुट्टी संपायच्या आत उरकायला बघतो.

मुलगी १६ वर्षांची आहे. नाकाचं ऑपरेशन आत्ता केलं तर चालेल का?

वैद्यकीयदृष्ट्या पहिला प्रश्न असा की नाक वाढायचं थांबलं आहे का. मुलींमध्ये साधारण १५-१६ व्या वर्षी, मुलांमध्ये १६-१७ किंवा त्याच्याही पुढे नाकाची वाढ पूर्ण होते. वाढ चालू असताना आकार बदलला तर उरलेल्या वाढीत तो पुन्हा बिघडू शकतो आणि दुसरं ऑपरेशन मागे लागतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आत व्रणाची ऊती तयार झालेली असते. मुलीची पाळी कधी सुरू झाली, गेल्या वर्षभरात उंची वाढली का, असं सर्जन विचारतात ते यासाठीच.

पडून किंवा क्रिकेटचा बॉल लागून नाक मोडलं असेल, किंवा मधला पडदा वाकडा असल्याने श्वास नीट घेता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. ताजी मोडतोड काही दिवसांतच जागेवर बसवावी लागते. तिथे १६-१७ ची वाट पाहत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.

दुसरा प्रश्न डॉक्टर विचारतील किंवा विचारणार नाहीत, पण मी विचारते. ही तक्रार नेमकी कोणाची? मुलगी स्वतः दोन-तीन वर्षं सांगते आहे, की आत्याने एका लग्नात "नाक जरा बसकं आहे, पुढे स्थळं बघताना अडेल" असं म्हटल्यापासून घरात हा विषय निघाला? मुलीला खोलीत एकटीला विचारलं तर कित्येकदा ती सांगते, "मला काही वाटत नव्हतं, आई सारखी बघते म्हणून वाटायला लागलं." अशा मुलीला टेबलावर घेऊ नका. आईबरोबर बोलणं जास्त गरजेचं असतं.

प्लास्टिक सर्जरी आणि कॉस्मेटिक सर्जरी एकच ना?

नाही. बिघडलेला, जळालेला, तुटलेला किंवा जन्मतःच अपुरा असलेला अवयव पुन्हा घडवणं हे प्लास्टिक सर्जरीचं मूळ काम. कॉस्मेटिक सर्जरी ही तिचीच एक शाखा. तिथे अवयव ठीकठाक असतो, रूप बदलायचं असतं.

या मूळ कामाशी आपल्या मराठी मुलखाचा जुना संबंध आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेच्या बैलगाड्या हाकत असे. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ एका स्थानिक कारागिराने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच ऑपरेशन केलं. कपाळाची कातडी वापरण्याची ही पद्धत आजही जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून शिकवली जाते.

सरकारही हा फरक मानतं. जन्मजात दोष, वाढीतला बिघाड किंवा अपघात यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया आरोग्यसेवा म्हणून जीएसटीतून वगळलेली आहे. रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि केशरोपण मात्र त्या सवलतीत बसत नाहीत. आरोग्य विम्यातही अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच पैसे मिळतात. म्हणून आपल्या मुलाचा प्रश्न यातल्या कोणत्या बाजूचा आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्या. पुढचं पुष्कळसं त्यावरून ठरतं.

कोणत्या गोष्टींसाठी अजिबात थांबू नये?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात, आणि विचारायला हवा तो हाच.

दुभंगलेला ओठ साधारण तिसऱ्या महिन्यापासून शिवता येतो. टाळू दुभंगलेली असेल तर ते ऑपरेशन ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल बोलायला लागण्याच्या सुमाराला होणं चांगलं. त्यापुढे जितका उशीर, तितकं नाकातून बोलणं पक्कं होत जातं आणि मग स्पीच थेरपीत वर्षं जातात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून दहा-बारा वर्षांची, कधी त्याहून मोठी मुलं फाटलेल्या ओठानिशी शाळेत येतात. तोंडावर रुमाल, वर्गात शेवटच्या बाकावर, हजेरीला नुसता हात वर. कारण विचारलं की आजी सांगते, पोटुशी असताना सुनेने ग्रहणात विळी हातात धरली होती. त्या बाईने हा दोष आयुष्यभर डोक्यावर वाहिलेला असतो. ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, बहुतेकदा आईला दिवस गेल्याचं नुकतं कळत असतं तेव्हा, चेहऱ्याचे भाग जुळायचे राहून जातात. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो, गर्भारपणातल्या तंबाखूचा आणि काही औषधांचाही असतो.

पैशांमुळे हे ऑपरेशन अडायची गरज नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्या यादीत आहे. 'स्माइल ट्रेन' ही संस्था भारतातल्या अनेक रुग्णालयांमार्फत ही शस्त्रक्रिया मोफत करून देते. अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, कुठूनही सुरुवात करा. मूल मोठं झालं असेल तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी गोष्ट भाजण्याची. गळ्यावर, काखेत किंवा बोटांवर भाजल्याची जखम भरताना कातडी आखडते. मुलाची हाडं वाढत राहतात, आखडलेली कातडी वाढत नाही, आणि सांधा दरवर्षी थोडा जास्त वाकतो. "मोठा झाला की करू" असं म्हणत थांबणारी घरं मी पाहिली आहेत. स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार), व्यायाम, प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारे घट्ट कपडे) हे सगळं जखम भरत असतानाच सुरू व्हायला लागतं, आणि आखडलेला सांधा मोकळा करायला १८ व्या वर्षाची वाट पाहायची नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे, त्याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.

मुलाचे कान पुढे आलेले आहेत, शाळेत फार चिडवतात.

कान ५-६ व्या वर्षापर्यंत जवळजवळ मोठ्या माणसाइतका वाढलेला असतो, त्यामुळे हे ऑपरेशन त्या वयापासून होऊ शकतं. किशोरवयात झालं तरी चालतं. पण मुलाला स्वतःला हवं असायला पाहिजे. त्याला फरक पडत नसेल तर तुम्हीही सोडून द्या, आणि चिडवणाऱ्यांचा बंदोबस्त शाळेकडून करून घ्या. ते काम सर्जनचं नाही.

मुलगा १४ वर्षांचा आहे, छाती मुलींसारखी वाढली आहे. कोणाला सांगायचीही लाज वाटते.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये स्तनाची ऊती थोडीफार वाढते. संप्रेरकांचा तोल त्या काळात खालीवर होत असतो, म्हणून असं होतं. बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत ते आपोआप ओसरतं. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात.

अशी मुलं मला दुरूनच ओळखू येतात. मे महिन्याच्या उन्हात अंगात जॅकेट. खांदे पुढे झुकलेले, दप्तर पाठीऐवजी छातीशी धरलेलं. सावरकर जलतरण तलावावर सगळे मित्र जातात आणि हा "मला सर्दी आहे" म्हणून घरी राहतो. आई म्हणते, पोरगा आळशी झालाय, खेळायला जात नाही. वडिलांना वाटतं, पोक काढून चालतो, त्याला व्यायाम सांगा. एका मुलाने कापडी पट्टा छातीला इतका आवळून बांधला होता की कातडीवर वळ उठले होते. घरात कोणालाही पत्ता नव्हता.

आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा संप्रेरकतज्ज्ञांना दाखवा. नुसती चरबी आहे की ग्रंथी आहे, हे ते हाताने तपासून सांगतात. काही औषधं, जिममध्ये कोणी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, गांजा, थायरॉइड किंवा यकृताचा आजार, क्वचित वृषणातली गाठ ही कारणं आधी तपासावी लागतात. ती नसली तर थांबायचं आणि दर काही महिन्यांनी बघायचं. दोन वर्षांत ओसरलं नाही, वयात येणं पूर्ण झालं आणि मुलगा मनातून खचत असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. अशा मुलांना ऑपरेशननंतर टी-शर्टमध्ये ताठ चालताना मी पाहिलं आहे, म्हणून सरसकट 'नको' मी कधीच म्हणत नाही.

ऑपरेशननंतर काही आठवडे छातीला घट्ट प्रेशर जॅकेट घालावं लागतं. मुलगा ढोल पथकात असेल तर तारीख ठरवतानाच सर्जनना सांगा. कमरेला आणि छातीशी बांधलेल्या ढोलाचा भार आणि दणका त्या दिवसांत चालत नाही. म्हणजे गणपतीच्या सरावाच्या तोंडावर ऑपरेशन नको.

ताई, सेल्फीत माझं नाक खूप मोठं दिसतं. आरशात बघितलं तरी आता तेच दिसतं. मी १५ वर्षांची आहे.

फोन चेहऱ्याच्या जवळ असला की जे पुढे आहे ते मोठं दिसतं. नाक सगळ्यात पुढे असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे गणित मांडून दाखवलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुडाचा भाग ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. मैत्रिणीला पाच-सहा फुटांवर उभी कर, खिडकीच्या उजेडात तुझा फोटो काढायला सांग, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ. जे नाक लोकांना दिसतं ते दुसऱ्या फोटोतलं आहे.

फिल्टरचंही तसंच. फिल्टर नाक बारीक करतो, डोळे मोठे करतो, हनुवटी टोकदार करतो, आणि रोज तो चेहरा बघितला की स्वतःचा चेहरा चुकीचा वाटायला लागतो. महिनाभर फिल्टर बंद ठेव. त्यानंतरही वाटलं तर माझ्याशी बोल, किंवा घरात ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं त्या माणसाशी. तुझं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

रूपाची ही काळजी नुसता वयाचा भाग आहे की काहीतरी जास्त आहे, हे ओळखायचं कसं?

आरशासमोर तास-तास जातो, की आरसा मुळीच टाळला जातो. एकच प्रश्न दिवसातून वीसदा: "खरं सांग, वाकडं दिसतंय ना?" उत्तराने समाधान दोन मिनिटंही टिकत नाही. केस किंवा ओढणी ठरावीक बाजूलाच. लग्नाकार्याला जाणं बंद, क्लास बुडायला लागले. आणि जो दोष तिला भिंतीएवढा दिसतो, तो घरात इतर कोणाला शोधूनही सापडत नाही.

या आजाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि तो बहुधा याच वयात सुरू होतो. दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये तो १८ वर्षांच्या आत सुरू झालेला असतो, बऱ्याचदा १२-१३ व्या वर्षी. यात ऑपरेशन करून उपयोग होत नाही. नाक सरळ झालं की तक्रार हनुवटीवर जाते, किंवा त्याच नाकात नवा दोष दिसतो. उपाय मानसोपचारात आहे: विचार-वर्तन उपचार आणि गरज पडली तर औषधं. दोन्हींचा चांगला गुण येतो. "वेड लागलंय का तिला" असं म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं टाळू नका, कारण या आजारात जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. असं काही बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

चांगला सर्जन अशा मुलीला परत पाठवतो. एखाद्या सर्जनने "आधी समुपदेशकांना भेटून या" असं सांगितलं तर तो अपमान समजू नका, आणि लगेच दुसरीकडे जाऊन तारीखही घेऊ नका.

ओठांना फिलर, बोटॉक्स, हे तर ऑपरेशन नाही. एवढं काय त्यात?

सुई आहे म्हणून निर्धोक, असं नाही. फिलर, म्हणजे ओठ किंवा गाल भरण्यासाठी टोचलं जाणारं जेल, चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, कातडी काळी पडून मरते, आणि नाकाजवळ किंवा भुवयांमध्ये असं झालं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. असं झाल्यास काही मिनिटांत काय करायचं हे येणारा माणूस आणि त्याचं औषध तिथे हवं. ब्युटी पार्लरमध्ये ते नसतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना रूपासाठी बोटॉक्स आणि फिलर देणं कायद्याने गुन्हा आहे. १५-१६ वर्षांच्या ओठात भरण्यासारखं काही नसतं. याला मी साफ 'नाही' म्हणते.

रंग उजळायची इंजेक्शनं सुरक्षित आहेत का?

ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला गोरं करण्यासाठी आपल्याकडे मान्यता नाही. शिरेतून दिलेल्या कोणत्याही औषधाने जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. पण इंजेक्शनांपेक्षा जास्त नुकसान मी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबांनी झालेलं बघते. त्यात स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, मग लाल होतो, पुरळ येतं, बारीक केस वाढतात, आणि ट्यूब बंद केली की आग आग होते म्हणून पुन्हा लावली जाते. काही बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात. ट्यूब चालू असेल तर एकदम फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून कमी करत आणा.

मुरुमांचे खड्डे हा वेगळा, खरा प्रश्न आहे, आणि तिथे लवकर गेलेलं बरं. मुरुमं आटोक्यात आणली तर खड्डेच कमी पडतात. फक्त त्यासाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. गर्भ राहिला तर त्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करतात.

लायपोसक्शनने वजन उतरेल का?

नाही. ते वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, आणि वाढत्या मुलांसाठी तर नाहीच. वजनासाठी बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ.

मुलगा दिवसभर जीभ टाळूला लावून बसतो, जबडा धारदार करायचाय म्हणतो. हे काय आहे?

त्याला म्यूइंग म्हणतात. 'लुक्समॅक्सिंग', म्हणजे रूप शक्य तितकं सुधारणं, या नावाने मुलग्यांच्या मोबाइलवर हे सगळं फिरतं. जीभ टाळूला लावल्याने जबड्याचं हाड बदलतं याला पुरावा नाही, आणि त्याने सहसा इजाही होत नाही. पण याच व्हिडिओंच्या रांगेत पुढे हाडं 'घडवण्यासाठी' गालावर हातोडीने ठोकायला सांगणारेही असतात. त्यात दात, नसा, डोळ्याखालचं हाड, काहीही जाऊ शकतं. मुलगा काय बघतो ते त्याच्या शेजारी बसून बघा. फोन हिसकावून काही होत नाही.

जबडा खरोखर फार मागे किंवा पुढे असेल, चावताना दात जुळत नसतील, तर ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात-जबडा जुळवणाऱ्या दंततज्ज्ञांना दाखवा. वाढीच्या वयात तारा आणि इतर साधनांनी पुष्कळ साधतं. जबड्याचं ऑपरेशन लागलंच तर ते वाढ थांबल्यावर, मुलांमध्ये साधारण १७-१८ नंतर. आणि १८-१९ व्या वर्षी केस विरळ झाले म्हणून केशरोपण नको, कारण टक्कल कुठवर जाणार हे त्या वयात कोणालाच सांगता येत नाही.

सही कोणाची लागते? मुलाचं मत विचारात घ्यायचं का?

१८ वर्षांखाली पालकांची सही लागते. संमती म्हणजे छापील कागदावर अंगठा उमटवणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही.

माझं म्हणणं यापुढचं आहे. कागदावर मुलाची सही लागत नसली, तरी त्याच्या 'हो'शिवाय रूपासाठीचं एकही ऑपरेशन होता कामा नये. आणि आधी-नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याची परवानगी ऑपरेशनच्या संमतीपत्रातच घुसवलेली असेल तर ती ओळ खोडा. मुलाच्या चेहऱ्याचा फोटो जाहिरातीला देऊन सवलत घेऊ नका.

डॉक्टर कसा निवडायचा? कॉलेज रोड, गंगापूर रोडला तर पावलापावलावर क्लिनिक आहे.

पाटीवरची अक्षरं वाचा. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग एमएस, आणि त्यापुढे तीन वर्षांचं एम.सीएच. किंवा त्याच तोडीचं डीआरएनबी. 'कॉस्मेटॉलॉजी'चा काही महिन्यांचा डिप्लोमा म्हणजे शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणासंबंधीच्या सूचनांत हेच बजावलं: कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे असल्या प्रक्रिया सुरू करायला पुरेसं नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी तपासता येते.

मग समोर बसून विचारा. १६-१७ वर्षांच्या मुलांवर हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती वेळा केलंय? भूल कोण देणार, आणि ते पूर्ण वेळ तिथे असतील का? रात्री काही झालं तर आयसीयू कुठे? मनासारखं झालं नाही तर पुढच्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा? मुलाशी डॉक्टर थेट बोलले का, की सगळं तुमच्याशीच, हेही बघा. "आजच बुकिंग केलंत तर इतकी सूट" असं ऐकू आलं तर उठून या.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या: सर्जन, भूल, थिएटर, औषधं, प्रेशर गारमेंट, जीएसटी, सगळं वेगवेगळं लिहून. हप्त्यांवर सोय आहे म्हणून रूपासाठी कर्ज काढू नका.

बरं व्हायला किती दिवस? जूनमध्ये कॉलेज आहे.

नाकाला साधारण आठवडाभर स्प्लिंट असतो. डोळ्याखालचा काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत जातो, पण सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागू शकतं. हे मुलीला आधी सांगा, नाहीतर पंधराव्या दिवशी आरशात बघून ती रडते. काही आठवडे चष्म्याचा भार नाकावर नको, धक्काबुक्कीचे खेळ नकोत, ऊन टाळायचं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारायची सवय असलेल्या मुलांनी त्या वर्षी काठावरून बघावं. टाके कोवळे असताना त्या गर्दीत एक कोपर लागलं तरी पुरे. घरात कोणाला कान टोचल्यावर किंवा जखमेनंतर गाठीसारखा जाड व्रण येत असेल तर ते सर्जनना आवर्जून सांगा. आपल्या त्वचेत असे व्रण, म्हणजे कीलॉइड, तुलनेने जास्त होतात आणि तरुण वयात त्यांचं प्रमाण अधिक असतं.

घरात आम्ही काय बोलावं?

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" ही म्हण कोणी गंमतीत म्हटली तरी तेरा वर्षांची बसक्या नाकाची मुलगी ती विसरत नाही. जाड्या, काळी, लंबू, सुपकान्या ही लाडाची नावं आजपासून बंद करा, आजोबांनाही सांगा. मूल तक्रार घेऊन आलं तर "छान तर दिसतेस" म्हणून विषय संपवू नका. "कधीपासून वाटतंय? कोणी काही म्हणालं का?" एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. डॉक्टरकडे जायचं ठरलं तरी पहिली भेट आणि ऑपरेशन यांच्यात निदान काही महिने जाऊ द्या. जन्मदोष, भाजणं, अपघात सोडले तर यातलं एकही ऑपरेशन तातडीचं नाही.

ऑपरेशन बिघडलं असं वाटत असेल तर?

आधी त्याच सर्जनना भेटा. सूज, रंग, सुन्नपणा यातलं बरंच काही वेळेने जातं. पण ताप, वाढत जाणारं दुखणं, पू, कातडी काळी पडणं किंवा अचानक अंधुक दिसणं असेल तर भेटीची वेळ घेत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

उपचाराची कागदपत्रं मागा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती घेऊन दुसऱ्या एम.सीएच. सर्जनचं मत घ्या. हलगर्जीपणा झाल्याचं दिसलं तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ऑपरेशनच्या आधीचे फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.